तीन मॉनिटर आणि एक वीत

...आणि पंखे किती, विचारा! सात! अहो, माझ्या खोलीत माणसाला एक पंखा, तोही कुरकुर करत फिरणारा, आणि त्या डब्याला सात! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं सुतारकाम केलं, दारं केली, कपाटं केली, एका डॉक्टरांच्या घरी तर अख्खा जिना केला, पण आतल्या सामानाला गुदमरायला होईल म्हणून कोणी माझ्याकडून कपाटाला भोकं पाडून घेतली नाहीत हो! दुकानदार म्हणतो, "आजोबा, हवा पाहिजे त्याला." लेक म्हणते, "बाबा, फार तापतं ते." जावई म्हणतात, "मामा, सात पंखे चालतील ना?" आता मला विचारून काय उपयोग? मी काय त्यात बसणार आहे? मी म्हटलं, चालेल.

हल्ली माझं असंच झालंय बघा. आमची ही गेली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून कोणी काहीही विचारलं की तोंडातून तेवढंच निघतं. भाजीत मीठ पडलं नाही... चालेल. डॉक्टर म्हणाले गोळी बदलू... चालेल. रडू येत नाही, हसू येत नाही, राग तर कुठं ठेवलाय तेच आठवत नाही. पाय बधिर झाला तर निदान मुंग्या येतात, इथं मुंग्यासुद्धा नाहीत!

बरं, काय सांगत होतो... हां, तो कॉम्प्युटर. म्हणजे असं, की माझी लेक लग्नाच्या फिल्म्स करते, शूटिंग करून आणायचं आणि मग घरी बसून कापायचं, जोडायचं. आणि जावई ऑफिसातून आले की गेम खेळतात. लॅपटॉप एक, माणसं दोन, म्हणजे रोज संध्याकाळी आमच्या घरात दोन युद्धं, एक पडद्यावर आणि एक पडद्याबाहेर! शेवटी ठरलं, एकच मोठा कॉम्प्युटर घ्यायचा, दोघांचं भागेल असा, एकेक भाग निवडून, तीन मॉनिटरांचा. ठेवायचा कुठं? माझ्या खोलीत. का? तर माझ्याकडं एक भिंत मोकळी आहे.

मोकळी म्हणजे काय, एका टोकाला खिडकी आणि खिडकीखाली माझी खाट. लग्नाच्या साली मीच केलेली. पडल्या पडल्या रस्ता दिसतो, समोरचा शिंपी दिसतो. त्या खिडकीवरून आमचं जन्मभर भांडण, मी उघडायचो, ही लावायची. "अहो, ती खिडकी लावा, धूळ येतेय!" मी म्हणायचो, "येऊ दे की, धुळीनं कोणी मेलंय का?" ...नाहीच गेली ती धुळीनं. दुसऱ्याच कशानं गेली. आता लावणारं कोणी नाही, उघडीच असते दिवसभर. म्हणून मी लेकीला एवढंच सांगितलं, "बाळ, काय वाटेल ते आणा, फक्त माझी खाट खिडकीशी राहू दे." ती म्हणाली, "बाबा, हा काय प्रश्न झाला? खाटेला कोण हात लावतंय!"

गेलो दुकानात. मी आपला स्टुलावर. तिथं जावई म्हणतात, "ग्राफिक्स कार्ड मोठंच पाहिजे, नाहीतर गेम अडखळतो." लेक म्हणते, "तुझा गेम अडखळला तर एक माणूस मरतो आणि तोही खोटा! माझी फिल्म अडखळली तर नवरीची आई फोन करते, ती खरी असते!" मग मॉनिटर. जावयांना पळणारं चित्र पाहिजे, लेकीला रंग पाहिजेत, लाल म्हणजे लालच. दुकानदार शहाणा, म्हणाला, "एक पळणारा घ्या, एक रंगांचा घ्या." मिटलं भांडण! मी विचारलं, "मग तिसरा कशाला?" तुम्हाला सांगतो, लेक जावयांकडं बघते, जावई दुकानदाराकडं बघतात, आणि दुकानदार माझ्याकडं बघून म्हणतो, "आजोबा, तिसरा लागतोच." मी म्हटलं, चालेल.

आता माझी एक सवय सांगतो. मी शाळा पाहिली ती तिची दारं बसवायला गेलो तेव्हा. आकडे ओळखतो, पण आकड्यावर माझा भरवसा नाही. माझ्या खिशात एक लाकडी पट्टी असते, ती वस्तूला लावायची, चाकूनं खूण पाडायची आणि ती खूण नेऊन जागेवर लावायची. मध्ये आकड्याचं कामच नाही! तर बसून बसून कंटाळलो, म्हणून ते कार्ड उचललं, पट्टी लावली, खूण पाडली, निवडून ठेवलेल्या डब्यात घातली... अंगठाभर जास्त! म्हटलं, "अहो, हे बसत नाही." दुकानदार हसला. "आजोबा, कंपनीनं लिहिलंय बसतं म्हणून." म्हटलं, "लिहिलं असेल. बसत नाही." घालून बघितलं त्यानं. डब्यातले पंखे आडवे आले! कंपनीनं पंखे लावायच्या आधी मोजलं होतं, आहे की नाही मजा? अख्खं दुकान माझ्याकडं बघायला लागलं. मग आला मोठा डबा, तोच, सात पंख्यांचा. आणि जावई म्हणाले, "मामा, आता टेबल तुम्हीच करायचं! तुमच्यासारखं माप कोणाला जमणार?" मी म्हटलं, चालेल. पण खरं सांगू? तेव्हा छातीत कुठंतरी, जरासं, एखादी मुंगी चालल्यासारखं झालं.

आणि तिथंच माती खाल्ली मी!

मॉनिटर यायला होते आठ दिवस. लाकूड येऊन पडलेलं. हातात रंधा दोन वर्षांनी धरलेला, दम निघतोय कशाला? जावयांना फोन केला, "मॉनिटर केवढा रुंद?" ते ऑफिसात, घाईत, "सत्तावीस इंच, मामा." सत्तावीस. जन्मात कधी हात लावल्याशिवाय खूण पाडली नाही, आणि त्या दिवशी टेप काढला, तीनदा सत्तावीस घेतले, पट्टीवर मांडले, भिंतीला लावले... तर एक वीत कमी. टेबल बसतं तर खाट बसत नाही, खाट बसते तर तिसरा मॉनिटर बसत नाही. उभा राहिलो तसाच. घरात कोणी नव्हतं. मी म्हटलं, चालेल. कोणाला म्हटलं? भिंतीला! आणि खाटेचे पाय काढले, चार तुकडे केले, बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटाशेजारी परत जोडली. मग टेबल केलं. काय टेबल झालंय म्हणता! कडा गोल, तारांना मागं भोकं, वर हात फिरवलात तर घसरून जाईल.

आठ दिवसांनी दुकानदार स्वतः मॉनिटर घेऊन जोडायला आला. मांडले तीन. आणि टेबलाच्या कडेला राहिली मोकळी जागा... किती? सांगा किती?

एक वीत!

मी पट्टी लावतो, परत लावतो. म्हटलं, "अहो, हे सत्तावीस नाहीत." जावई म्हणतात, "आहेत की मामा! मॉनिटर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजतात, तिरका." तिरका! अहो, तिरकं कोण मोजतं? मी कधी कोणाला दार तिरकं विकलंय? माणसाची उंची काय खांद्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत सांगतात?

म्हटलं, "थांबा, करवत आणतो, वीतभर कापतो, खाट आत येते." तर तोवर दुकानदारानं त्या वीतभर जागेत स्पीकर ठेवलेला, तारा ओवलेल्या, सातही पंखे फिरायला लागलेले. लेक म्हणाली, "बाबा, सोमवारी दोन लग्नं द्यायची आहेत मला, आता सगळं उचकटायला नको. पुढं बघू. चालेल ना?" आता ह्यावर मी काय म्हणणार? आणि खाट नाहीच म्हटल्यावर टेबल सरकवलं मधोमध, तिसरा मॉनिटर आला बरोब्बर खिडकीपुढं. जाताना दुकानदारानं हात मागं घालून खिडकी ओढली, कडी घातली. "आजोबा, ही आता उघडायची नाही. धूळ गेली आत की मशीन संपलं."

चालेल, म्हटलं. चालेल.

मग दोनचार दिवस मी नुसता खोलीच्या दारात जाऊन उभा राहायचो, सवयीनं. लेकीनं बघितलं असणार. एक दिवस म्हणाली, "बाबा, बसा इथं." तिसऱ्या मॉनिटरला तसंही काही काम नव्हतंच. तिनं काहीतरी दाबलं आणि त्यात... माझी खिडकी! तीन वर्षांपूर्वी तिनं नवा कॅमेरा आणला होता, तेव्हा खाटेवर बसून बाहेर बघत घेतलेलं शूटिंग. रस्ता. शिंपी सदरा झटकतोय. एक कुत्रं आडवं गेलं. चार मिनिटं, आणि संपलं की परत पहिल्यापासून. मी बघत होतो, काही वाटत नव्हतं, शिंपी काय, कुत्रं काय. आणि शेवटाला, कॅमेऱ्याच्या मागून, खणखणीत...

"अहो, ती खिडकी लावा हो, धूळ येतेय!"

ही. आमची ही!

लेकीचा हात तसाच हवेत. तिला आठवणच नव्हती की त्यात आवाज आहे. घाबरून म्हणाली, "बाबा... आवाज बंद करू? चालेल?"

मी म्हटलं, नको.

आता रोज बसतो तिथं. इकडं जावयांचा गोळीबार, मधे लेकीच्या नवऱ्या मुली, आणि ह्या टोकाला मी, शिंपी आणि ते कुत्रं. आणि तुम्हाला सांगतो, जिवंतपणी दिवसातून दोनदा सांगायची, आता दर चार मिनिटांनी! मी म्हणतो, अगं लावली, कडी घातली, पुढं मॉनिटर ठेवला, आता काय भिंत बांधू? जन्मात पहिल्यांदा तुझं ऐकलं...

पण ऐकते कुठं? शिंपी आला, कुत्रं गेलं, की परत आहेच, "अहो, ती खिडकी..."