बोटीत चढला तो पात्र

माँटेव्हिडिओत फुटबॉलच्या पहिल्या विश्वचषकाच्या तिकिटांसाठी रांग लागली होती. रांगेत ओफेलियाबाईंच्या पुढे कडू चहाचा तुंबा घेतलेले म्हातारे फर्मिन आणि इटलीहून नुकताच आलेला नेव्हिओ उभे होते.

"फर्मिनकाका, हे सगळे संघ पात्र ठरले तरी कसे?"

"नुसतं बोलावणं धाडलं. जो बोटीत चढला, तो पात्र!"

"मग इजिप्तवाले?"

"वादळात बोट हुकली. बसले हात चोळत."

"म्हणजे खेळ न बघताच घेतलं?"

"अरे, जो पंधरवडाभर समुद्रात ओकत येतो, त्याला काय दारातून परत पाठवायचं?"

"मग मीही ओकतच आलोय, काका. इर्मानं बोलावलं म्हणून."

"माझी लेक म्हणजे चषक वाटला काय रे तुला?"

रांग खदखदून हसली. फर्मिननी त्याच्या हातात तुंबा कोंबला. नेव्हिओनं नळीनं ओढलं, जीभ पोळली, तरी तुंबा परत देताना तो अदबीनं म्हणाला, "आभा—"

ओफेलियाबाईंना राहवेना. "आभार नको मानूस, मेल्या! इथं आभार म्हणजे पुरे, आता नको!"

"बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" फर्मिननी मागे वळून विचारलं.

"बोटीवाल्यांच्या!"

नेव्हिओनं ओठ घट्ट मिटले. फर्मिननी तुंबा पुन्हा भरला आणि त्याच्याच हातात दिला.

"ही माझी फेरी झाली. पुढची रविवारी, आमच्या घरी. समोर इर्माची आई आहे."