तूच मला माती दे रे

बैरूतच्या एका विद्यापीठात पीएच.डी.च्या पोरांची सादरीकरणं नुकतीच संपली होती. कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे जाद नावाचा विद्यार्थी आणि त्याचं काम तपासायला आलेल्या प्राध्यापक बाई, म्हणजे त्याच्या ‘उस्ताज़ा’, उभ्या होत्या.

“जाद, जीव द्यायच्या विचारात असलेला माणूस तुझा प्रोग्राम मेसेजवरून ओळखतो, बरोबर?”

“हो, उस्ताज़ा.”

“मग आपल्याकडच्या आया, लेकराआधी आपण जावं म्हणून, लाडानं ‘तूच मला माती दे रे’ म्हणतात, त्याचं काय केलंस?”

“ते वाक्यच गाळून टाकलं. नाहीतर अख्खं बैरूत मरायला निघालंय असं दाखवायचा.”

“गाळलंस? रोज ते लिहिणारीनं एक दिवस लिहिलंच नाही, तर तुझ्या प्रोग्रामला कसं कळायचं?”

“न लिहिलेलं कोण वाचतं, उस्ताज़ा?”

“तुझी आई लिहिते ते?”

“रोज सकाळी. मित्र चिडवतात मला.”

“आज काय लिहिलंय?”

“तेच असणार. थांबा, वाचतो. ‘नीट जेवत जा. बहिणीला सांभाळ.’”

“पुढे?”

“एवढंच आहे.”

“कॉफी राहू दे. फोन लाव तिला.”

“लावलाय. वाजतोय नुसता.”

“परत लाव.”

“उस्ताज़ा, तुमची गाडी कुठे लावलीय?”