शेवटच्या नळाचं पाणी

हिंगोलीच्या एसटी स्टँडवर, माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारबा आणि तांड्यावरची एक बाई.

“बाई, बाटलीतलं घोटभर पाणी द्या.”

“हे न्हाई देता यायचं, मामा. हे मीटिंगला चाललंय.”

“पाण्याची कसली मीटिंग?”

“आमची बारा गावची नळयोजना हाय. साखऱ्याच्या पुढं आमचा तांडा, पाइप तिथंच संपतो. मीटिंगमधी मेंबर लोक आधी शेवटच्या नळाचं पाणी पितात, मग साहेब अहवाल वाचतात. पाणी न्यायचा मान आमच्या तांड्याचा.”

“आन गढूळ आलं तं?”

“मागं आलं व्हतं. तसंच नेलं. अध्यक्षांनी पेला तोंडापाशी नेला आन खाली ठिवला. म्हणले, अहवाल राहू द्या, जीप काढा. नाल्यात पाइप फुटला व्हता. सांजेपर्यंत जोडून दिला.”

“अहवालात न्हवतं का ते?”

“अहवालात सगळं बराबर व्हतं.”

“आन आज कसं हाय?”

“तुमीच बघा, उन्हाकडं धरून.”

“काचेवानी हाय. आता तं जास्तच तहान लागली.”

“ही बाटली मेंबरांची हाय, मामा. तुमी तांड्यावर या. नळाखाली ओंजळ धरा आन पोटभर प्या.”