जागचा न हलणारा डाग

डोळ्यांत औषध घातल्यामुळे शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. दिसत काही नव्हतं, म्हणून सगळा जीव कानांत आला होता. शेजारी एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

"माझे डोळे ठणठणीत आहेत. उगाच आणलंस इथे."

"अहो, महिना झाला, रोज तोच डाग दिसतोय तुम्हाला."

"डाग डोळ्यात नाही, सूर्यावर आहे. मी सूर्याकडे बघतच नाही. दुर्बिणीतून त्याचं बिंब पुठ्ठ्यावर पाडतो, आखलेल्या वर्तुळात नेमकं बसवतो आणि डाग मोजतो."

"मग एवढं नवल कसलं?"

"अगं, सूर्य स्वतःभोवती फिरतो. कुठलाही डाग दोन आठवड्यांत या कडेवरून त्या कडेला जातो. हा मात्र जागचा हलत नाही."

"पुठ्ठा तोच ना, खिडकीपाशी असतो तो?"

"तोच."

"आणि डागाचा रंग?"

"तपकिरी. तेही कुणी पाहिलेलं नाही आजवर."

"अहो, ऐका जरा. मागच्या महिन्यात मी चहाचा कप घेऊन—"

"वेधशाळेला पत्र टाकलंय मी. डागाला तुझं नाव सुचवलंय."



"माझं?"

"लग्न झाल्यापासून मला सोडून कुठे हलली नाहीस. म्हटलं, शोभेल."

"इश्श."

"चहाचं काय म्हणत होतीस?"

"घरी गेल्यावर टाकते म्हटलं. आणि तो पुठ्ठा जपा. पुसायबिसायला जाऊ नका."