मात्रेनंतर एक तास

...म्हणजे बघा, दुकान माझं, पाटीवर नाव माझं, आणि भर दुपारी दुकानाबाहेर कोण? मी! बसा, बसा, औषधाला आला असाल तर इथंच बसा, हौदाच्या कट्ट्यावर. पाण्याला घोडं आलं की सरकायचं, एवढंच. तासभर दुकान उघडत नाही. आणि हळू बोला हं! ती वरची खिडकी दिसते ना, निळ्या पडद्याची? ती उघडी आहे... अहो, मीपण हळूच बोलतोय. हे माझं हळूच आहे! चॅपेलात शेवटच्या बाकावरून मी कुजबुजलो तर पहिल्या बाकावरचे लोक 'आमेन' म्हणतात. देवानं घसाच असा दिलाय, त्याला मी काय करू? चूक माझी आहे, नाही म्हणत नाही... पण थोडीशी!

तर तुम्हाला सांगतो. मी जेबेझ हेबलव्हाइट. हो हो, तोच! 'हेबलव्हाइट यांचे मज्जातंतू-पोषक'. छातीत धडधड, हातांना कंप, उगाचच रडू, झोप नाही, घेरी... सगळ्यावर एकच बाटली. सगळं ऑटली गाव पितं. आणि त्यात असतं काय म्हणाल, तर जवळ या... आणखी जवळ या... पंपाचं पाणी! रंगाला जाळलेली साखर, आणि चवीला जेन्शनचं मूळ. कडूजहर! कारण आमची यॉर्कशरची माणसं, तोंड वाकडं झालं नाही तर त्याला औषध म्हणायला तयार नाहीत. बाकीच्यांच्या टॉनिकात निदान दारू तरी असते हो, माणसाला दोन घटका बरं वाटतं! मी पडलो चॅपेलचा माणूस, दारूला न शिवण्याची शपथ घेतलेला. म्हणजे माझ्या बाटलीत तेवढाही प्रामाणिकपणा नाही. रविवारी पाद्रीबाबा म्हणतात, 'खोटी साक्ष देऊ नकोस,' की मी लगेच छताकडे बघतो. चोराच्या मनात चांदणं! त्या छताची एकेक तुळई मला पाठ झालीय.

आणि ते लेबल! अहो, सगळं रामायण त्या लेबलानं केलं... छापखान्यातला मरगट्रॉइड मला म्हणाला, "हेबलव्हाइट, खाली एवढी मोकळी जागा राहतेय, बरी दिसत नाही. काहीतरी भारदस्त लिहा." आता मला 'काहीतरी बोला' म्हणणं म्हणजे नदीला 'जरा वाहा' म्हणण्यासारखं. मी उभ्या उभ्या सांगितलं, 'प्रत्येक मात्रेनंतर एक तास घरात पूर्ण शांतता असावी. रुग्णाशी कोणीही बोलू नये. अन्यथा औषध उलटते.' उलटते! साखरेचं पाणी कुठं उलटतंय? पण वजन आलं की नाही? तरी खाली बोटभर जागा उरलीच, म्हणून आणखी एक ओळ टाकली... ती नंतर सांगतो, ती आठवली की माझ्याच छातीत धडधडतं.

आणि गुण आला हो! कसायाची बायको, मिसेस सग्डन, दिवसातून तीनदा रडायची, ती चक्क गुणगुणायला लागली. सग्डन आला माझ्या काउंटरवर, रक्ताचा एप्रन तसाच. "काय रे हेबलव्हाइट, कसलं औषध हे? माझ्या घरात मी तासभर तोंड उघडायचं नाही? मोजे कुठायत म्हणून विचारलं, तर पोरं अंगावर आली, 'बाबा, गप्प! आईचं औषध उलटेल!' मी मोजे कुणाला विचारू? मेंढ्यांना?" मी म्हटलं, "सग्डनसाहेब, शास्त्र आहे ते!" आणि तुम्हाला खरं सांगू? मला ते खरंच वाटायला लागलं. वाटलं, जेबेझ, तुझ्याही नकळत तुझ्या हातून काहीतरी मोठा शोध लागलाय! चूक माझी आहे, पण... बरं, अर्धी धरा.

आता घरचं. माझी बायको, केझाया. तिचीही प्रकृती अशीच. चमचा पडला तरी दचकायची, कपाळ दाबून बसायची. तिला मी माझं औषध दिलं? छे! त्यात काय आहे ते मला माहीत होतं ना! गावाला पाजलं ते पाजलं, घरच्या माणसाला कसं फसवायचं? मग मी काय केलं? तिच्या उशाशी खुर्ची टाकली आणि तिला धीर दिला. बोलून! सकाळी सोड्याचा भाव, दुपारी गटारांची अवस्था, संध्याकाळी प्रवचनात पाद्रीबाबा कुठं कुठं चुकले ते. ती डोळे मिटायची. मला वाटायचं, बरं वाटतंय बिचारीला. मग मी आणखी बोलायचो!

तशात मला अवदसा आठवली. जुनी लेबलं संपत आली होती. मरगट्रॉइडला म्हटलं, नव्या लेबलावर माझं चित्र टाक, कल्ल्यांसकट. तो म्हणाला, "टाकतो, पण कल्ले मोठे आहेत, खालचा मजकूर बसणार नाही." म्हटलं, मजकूर काढ, कल्ले राहू देत!

हात दाखवून अवलक्षण! पंधरा दिवसांत दुकानात बायकांची ही रांग. "हेबलव्हाइट, औषध बिघडलंय!" मी जेन्शन वाढवलं. काही नाही. दुप्पट घातलं, माझीच जीभ दोन दिवस बधिर झाली, गावाला वाटलं देव पावला! पण गुण? शून्य. खूश एकटा सग्डन. "नवं औषध झकास आहे हं," म्हणाला, "बोलायला मनाई नाही!" आणि मिसेस सग्डन माझ्या काउंटरला धरून ढसाढसा रडली. मी विचारलं, "बाई, औषध तर तेच आहे. मग पूर्वी काय व्हायचं?" तर डोळे पुसत म्हणाली, "काही नाही व्हायचं हो. खुर्चीत बसायची मी. कोणी हाक मारायचं नाही."

एका हातात जुनी बाटली, एका हातात नवी, आणि माझे कल्ले माझ्याकडेच बघतायत... लख्ख उजेड पडला! केझाया! अरे गाढवा, वर तुझी केझाया! धावत जिना चढलो आणि तिला सगळं सांगितलं. म्हटलं, केझाया, औषध औषधात नाही, औषध शांततेत आहे, बायकांना घटकाभर गप्प माणूस हवा असतो, आणि याला पुरावा असा की, आणि दुसरा पुरावा असा की... शांततेचं महत्त्व मी तिला तासभर समजावलं हो! तासभर! मग माझं लक्ष गेलं. ती ट्रंक भरत होती.

"मिस्टर हेबलव्हाइट," ती म्हणाली. मिस्टर! एरवी जेबेझ म्हणते, मिस्टर म्हणाली की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलं. "मी स्कारबरोला डॉर्कसकडे चाललेय. बहिणीच्या घरासमोर समुद्र आहे. तोही दिवसभर बोलत असतो, पण 'ऐकतेयस ना?' असं विचारत नाही." म्हटलं, परत कधी? तर तिनं शाल घडी करून ट्रंकेत घातली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला शब्द सुचेना. मग जे सुचलं ते खरंच होतं. म्हटलं, "केझाया, मी लबाड आहे. त्या बाटलीत साखरेचं पाणी आहे." तर म्हणते, "माहीत आहे. कढई मीच घासते."

मग तिनं हात पुढे केला. "जुन्या लेबलाची बाटली उरलीय का एखादी?"

"अगं, पण त्यात काहीच नाही!"

"मग पाणी तू पी. लेबल मला दे."

ट्रंक अजून भरलेलीच आहे, दाराशीच. पण आहे घरात. तेव्हापासून असं... खिडकीच्या चौकटीवर चमचा वाजला, टिंग टिंग, की मी बाहेर. दुकान खाली, बिऱ्हाड वर, माझा आवाज फळ्यांतून जातो म्हणते. पहिल्या दिवशी तासानं वर गेलो, तर ती कपाळ न दाबता बसली होती. खुर्चीत. नुसती. मला इतकं बरं वाटलं आणि इतकी लाज वाटली म्हणून सांगू... सव्वीस वर्षं त्या बाईचं दुखणं उशाशी खुर्ची टाकून बसलं होतं हो, कल्ल्यांसकट!

बरं, पाप कबूल करावं म्हटलं तर तीही सोय नाही! जुनं लेबल परत छापून घेतलं आणि मिसेस सग्डनला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, हे नुसतं पाणी आहे. तर माझ्या तोंडावर हात ठेवला तिनं! "आमच्या ह्यांच्या कानावर गेलं तर बघा!" पाद्रीबाबांकडे गेलो मन मोकळं करायला, तर दाराशीच पाद्रीणबाई, ओठांवर बोट. "श्श! आत्ताच घेतलंय मी." आता सांगा, कुणापाशी बोलू? म्हणून तुमच्यापाशी, हौदावर...

थांबा, तास झाला. बघा, पडदा हलला. आलीच ती खिडकीत! रंग बघा चेहऱ्यावर, गाल बघा... हसली, माझ्याकडे बघून हसली! उठतो मी, चहाची वेळ झाली, आज एकच वाक्य बोलणार आहे, फार तर दोन...

टिंग टिंग.

ऐकलंत? परत! अहो, लेबलावर दिवसातून तीनदा आहे, हा सहावा चमचा आजचा! आणि भांडायचं कुठल्या तोंडानं? ती बोटभर उरलेली जागा... तिथं मीच लिहिलंय, 'विकार हट्टी असल्यास मात्रा दुप्पट करावी.'

चूक माझी आहे. सगळी! सरका जरा... आणि ते घोडं येतंय ना, येऊ द्या. त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही.