तारप्याकडं पाठ

बोईसरहून सुटलेल्या एसटीत झिपरूबाबा गोधडीत गुंडाळलेला, फुंकून वाजवायचा तारपा मांडीवर घेऊन बसले होते. पुढच्या सीटवर कंपनीच्या कपड्यातली दोघं फोनमध्ये डोकं घालून बोलत होती.

"रूपेश, तारप्याच्या ग्रुपवर केळव्याच्या महोत्सवाचा व्हिडिओ आलाय."

"नको बघू, सपना. स्टेजवर सगळे पब्लिककडं तोंड करून नाचतात, तारप्याकडं पाठ!"

"आपल्यात तारप्याला पाठ दाखवून कोण नाचतं? आन् पोस्टरवर तर झिपरूबाबांचं नाव होतं."

"ते उठून गेले. आयोजक बोलला, पब्लिकला तोंडं दिसली पायजेत. बाबा बोलले, मंग पब्लिकलाच वाजवाया सांग."

"असं बोलले? टाक ना ग्रुपवर!"

"कालच टाकलं, वर सरकवून बघ. आता सगळे विचारतात, बाबा पुढं कुठं वाजवणार?"

बाबांना राहवलं नाही. "रविवारी. सालवडला, खळ्यात. स्टेज नाय, गोल धराया जागा हाय."

दोघं वळली. गोधडीतून तारप्याचा भोपळा डोकावत होता. तेवढ्यात त्यांचा स्टॉप आला. सपना उठली आणि उलट्या पावलांनी दाराकडं सरकू लागली. तिच्यामागं रूपेशही तसाच.

"ओ ताई, पुढं बघा, पडाल!" कंडक्टर ओरडला.

"पडू दे. बाबांच्या मांडीवर तारपा हाय."