माझी काळी चार

(शेवंताबाई, गायन पार्टीच्या गायिका, कसबा बावडा, कोल्हापूर. त्या बोलत गेल्या, तसं लिहून घेतलं.)

मी मूळची राधानगरीच्या अंगाची. पाऊस म्हंजे काय ते आमच्याकडं येऊन बघा पावणं, रोप लावायला चिखलात वाकलं की डोक्यावर इरलं, इरल्यावर ताडताड पाऊस, शेजारची बाई काय बोलतीय ते ऐकू येत न्हाय, आन् त्या असल्या आवाजात माझी आई गाणं म्हणायची. तिनं ओळ वर काढली की पार बांधाच्या टोकाच्या बायका उचलायच्या. माझा गळा तितनंच आला, शिकवलं कुणी न्हाय. रान दुसऱ्याचं, रोजगार दुसऱ्याचा, गाणं तेवढं आमचं. आन् त्यात बी गंमत बघा, मी ल्हान असताना बापानं धर्मांतर केलं, घरातलं देव नदीत सोडलं, तर आई म्हणाली, देव गेलं ते गेलं, आता रोप लावताना म्हणू काय मी? मग बाप वस्तीतल्या एका शिकल्याल्या माणसाकडनं नवी गाणी पाठ करून यायचा, त्याला चाल जमायची न्हाय, आई त्याला हसायची आन् जुन्याच चालीवर नवी गाणी बसवायची. बुद्धाचं गाणं आन् चाल रोप लावणीची. मला तेच बरं वाटायचं, अजून वाटतंय.

लगीन होऊन बावड्यात आले. आमचं मालक साखर कारखान्यात हंगामी, हंगाम संपला की पडंल ते काम, पण पेटी वाजवायचं. बोलणं लई कमी, माणूस समोर बसलाय का उठून गेलाय कळायचं न्हाय, पण पेटीवर बोट ठेवलं की सगळी गल्ली गप. लग्नानंतर एक दिवस मी भाकऱ्या थापत गुणगुणत हुते, तर ह्यांनी पेटी काढली, म्हणाले मोठ्यानं म्हण. मी म्हटलं. ह्यांचं बोट पेटीवर माझ्या मागनं फिरतंय, फिरतंय, आन् एका जागी थांबलं. म्हणाले, काळी चार. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, चौथी काळी पट्टी, तुझी पट्टी हाय ही, बायका हितवर येत्यात पण हितनं सुरू करून वर जाऊन परत नीट खाली येणारी मी बघितली न्हाय. आता मला पेटीतलं काय बी कळत न्हाय, आज बी कळत न्हाय, पण काळी चार म्हंजे मी, येवढं डोक्यात बसलं ते बसलं.

मग पार्टी काढली. ह्यांची पेटी, ढोलकीला आमच्याच गल्लीतला बाळू, त्यो ह्यांना दादा म्हणायचा आन् मला वैनी, मागं कोरसला वस्तीतल्या दोघीतिघी. भीमगीतं म्हणायची, बुद्धवंदना म्हणायची, ह्यांनी स्वतः रचल्याली गाणी म्हणायची. जयंतीच्या म्हैन्यात तर घरात चूल पेटायची न्हाय, आज शाहूवाडी तर उद्या आणि कुठं. दोन पार्ट्यांचा सामना असला की मी माईक धरायची आन् समोरच्या बाईला सांगूनच टाकायची, ही बाई काळी चारमध्ये म्हणणार हाय, घशाला शेक देऊन ठेव. माणसं हसायची, शिट्ट्या मारायची. मला घमेंड हुती म्हणा, हुती की. रोजगारी बाईला घमेंड करायला दुसरं काय असतंय?

ती नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. गळ्यात गाठ आली. पयलं सुपारीयेवढी, मी पदर घेऊन झाकायची. मग गिळायला तरास, झोपलं की दम कोंडायचा. दवाखान्यात गेलो तर डाक्टर म्हणाला, थायरॉईडची गाठ, काढायला पायजे. आन् मग मला विचारलं, बाई काम काय करता? म्हटलं, गाते.  भला माणूस हुता, खोटं बोलला न्हाय, म्हणाला, आवाजाची शीर गाठीच्या अगदी लगत असतीय, मी जपून करणार, पण वरचा आवाज जाऊ शकतो. मी म्हटलं, मग ऱ्हाऊ द्या गाठ. तर मालक, कधी न बोलणारा माणूस, माझ्याकडं न बघता डाक्टरला म्हणाले, काढा. भाईर आल्यावर मी भांडले, तुमाला कुणी विचारलं, गळा माझा हाय. तर म्हणाले, गळ्यापायी तुला घालवू व्हय?

आप्रेशन झालं. गाठ गेली, दम मोकळा झाला, आन् आवाज म्हंजे नुसता वारा. काय सांगू तुमास्नी, दारात म्हस हुती आमची, धार काढताना मी गुणगुणायची आन् ती पान्हा सोडायची, तर घरी आल्यावर मी बसले तिच्याखाली, बोलले तिच्यासंग, तर ती मान वळवून माझ्याकडं बघाय लागली, आन् सड कोरडं. जनावर फसत न्हाय बघा. त्या दिवशी मी गोठ्यात बसून रडले, आन् रडायला बी आवाज न्हाय. जेष्ठमध खाल्लं, मिठाच्या गुळण्या केल्या, कोण म्हणंल ते केलं. वरीस गेलं असंल. हळूहळू आवाज आला, पण भरडल्यागत, जाडसर. मी ठरवलं हुतं की आता गायाचं न्हाय, पार्टी मोडायची. पयल्या आवाजानं नाव कमावलंय, ह्या आवाजानं ते का घालवू?

पुढच्या जयंतीला मालक म्हणाले, चल. मी न्हाय म्हटलं. म्हणाले, एक गाणं म्हण, न्हाय जमलं तर बस. मी उभी ऱ्हायले, ह्यांनी सूर दिला. मी मागं वळून विचारलं, कुठनं धरलंय? म्हणाले, तुझीच काळी चार. मग मी जीव एकवटून म्हटलं, आन् गाणं पार पडलं बघा. कुठं फाटलं न्हाय, कुठं अडकलं न्हाय. मांडवातली म्हातारी माणसं उठून आली, बायकांनी मला कवटाळलं. मला वाटलं, आला माझा आवाज परत. मी माईकवर सांगितलं, डाक्टर काय बी म्हणू दे, माझी काळी चार शाबूत हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळू ढोलकीवर वाकून हातोडी मारत हुता, ढोलकी सुरात लावत हुता, त्यानं मान वर केली न्हाय.

मग काय, परत सुरू. आणखी धाबारा वर्सं गायले की मी. वय वाढलं, केस पांढरं झालं, गुडघं गेलं, पार्टीतल्या कोरसच्या बायका दमल्या, पण मी म्हणायची, माझा गळा हाय तिथंच हाय. प्रत्येक कार्यक्रमात सांगायची. एक गोष्ट मातर मला कळायची न्हाय. दर वर्स-दोन वर्सांनी मालक घरामागच्या परड्यात पेटी घेऊन बसायचं आन् तीच ती जुनी गाणी परत परत वाजवायचं, अडखळत, शिकाऊ माणसागत. मी म्हणायची, अहो जन्मभर वाजवताय, आता काय नव्यानं शिकताय व्हय? म्हणायचं, बोटं आखडल्यात. कारखान्यात राबल्याली बोटं, मला खरं वाटायचं.

मग मालक गेलं. छातीत दुखाय लागलं म्हणाले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. बोलून काय गेलं न्हाईत, त्यांच्या सवयीपरमाणं.

जलदान विधी ठेवला. आमच्यात कलाकार गेला की पंचक्रोशीतल्या पार्ट्या येत्यात आन् मांडवात बसून त्याला गाण्यानं निरोप देत्यात. भंतेजींची वंदना झाली, दुपारची येळ, मांडव भरल्याला. मी म्हटलं, ह्यांनी रचल्यालं गाणं मी म्हणणार. बायका म्हणाल्या ऱ्हाऊ दे, मी म्हटलं, मी न्हाय तर कोण म्हणणार? ह्यांची पेटी, पण पेटीवर शाहूवाडीकडचा एक मास्तर बसला हुता, चांगला हात, त्यानं विचारलं, बाई, पट्टी? म्हटलं, काळी चार, न्हायतर काय?

त्यानं सूर दिला. मी तोंड उघडलं आन् सूर मला लांबच वाटला, परका. मी वर चढले तर आवाज टराटरा फाटला. थांबले. परत घेतला. परत फाटला, मग नुसता वारा, दवाखान्यातनं आल्यावर हुता तसला. मांडवातल्या बायका रडाय लागल्या, दुखानं गळा दाटलाय म्हणाल्या, पोटाशी धरायला आल्या. पण मी रडत न्हवते हो. मला कळंना काय झालंय ते. डोळं कोरडं, गळा मोकळा, आन् आवाज न्हाय.

तवा बाळू ढोलकी सोडून उठला. पेटीजवळ गेला, मास्तरचं बोट धरून खाली सरकवलं, पार खाली, म्हणाला, मास्तर, काळी एक. मग माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला:

वैनी, रागावू नगासा. दादा हितनंच देत हुता.

मला काय कळलं न्हाय असं न्हाय, सगळं एकदम कळलं. मास्तरनं सूर दिला, आन् त्यो सूर असा वळखीचा, पायाखालच्या वाटंसारखा, मी डोळं मिटलं आन् सगळं गाणं म्हटलं. एक कडवं सोडलं न्हाय. संपल्यावर मातर बसले ती उठलेच न्हाय.

नंतर बाळूला घरात घेतलं आन् खडसावलं, सांग सगळं. तर म्हणाला, त्या पयल्या जयंतीच्या आधी दादानं आम्हा सगळ्यांना बोलवून सांगितलं, तिला कळलं तर ती गायाची बंद हुईल, आन् ती गायाची बंद झाली तर घरात मला करमायचं न्हाय. पयल्यांदा सूर खाली आणला तसं वय हुईल तसं परत खाली, आणखी खाली, जपून, एकेक पट्टी, माझ्या कानाला कळू नये असं. दर पट्टीला सगळी गाणी नव्यानं बसवायची, बोटं नव्यानं फिरवायची. परड्यात बसून त्येच करत हुता माझा नवरा. म्हटलं, बाळू, मी माईकवर काळी चार काळी चार म्हणायची, तवा तुमी सगळे मला हसत हुता व्हय रं? त्यो म्हणाला, वैनी, कुणी हसलं न्हाय. मला ते खरं वाटतंय बी आन् वाटत न्हाय बी.

लई राग आला. माणूस जित्ता असता तर भांडले असते, पेटी अंगणात फेकली असती. म्हटलं असतं, तुमी मला खोट्यात ठेवलं, सगळ्या जगाला ठावं आन् माझा गळा मलाच ठावं न्हाय. आन् लगेच वाटायचं, आता भांडायला बी त्यो न्हाय. त्यो हुता तवर बोलून घ्यायला पायजे हुतं मी त्याच्यासंग. म्हैनोन म्हैने पेटीवरचा कपडा काढला न्हाय.

ह्याला बी आता काय वर्सं झाली. जयंतीला मोठाल्या स्पीकरच्या गाड्या असत्यात, तिथं मला कोण इचारतंय. मला जलदान विधीला बोलवत्यात. लोक म्हणत्यात, शेवंताबाईच्या आवाजानं माणूस नीट रडतंय. म्हणू देत, मी जाते. कुणाच्या तरी दुखाला उपेगी पडतोय, ह्यो आवाज म्हंजे काय फुकट न्हाय.

पयल्यांदा दुसऱ्याच्या पेटीवर काळी एक म्हणून सांगायचं आलं तवा सगळ्यांच्या देखत कापड उतरल्यागत वाटलं. आता सांगते. परवा वडणग्याकडं एकीचा नवरा गेला, तिथं गेलते. पेटीवाल्यानं विचारलं, मावशी, काळी एक न्हवं? मी जरा घशातल्या घशात गुणगुणून बघितलं, तर तेवढं बी वर जाईना. वय झालं, त्याला गाठबिठ लागत न्हाय. हे हुते तवर ते ह्यांना आधी कळायचं, मला कळायचं न्हाय. म्हटलं, न्हाय रं बाबा, आणखी खाली घे. त्यो माझ्या तोंडाकडं बघाय लागला. म्हटलं, बघतोस काय, घे की खाली, आता मलाच सांगाय लागतंय.